जवळची फेरी की लांबचा पल्ला?

धानाची कापणी आटोपली, मळणीचा धुरळा खाली बसला, म्हणजे आमच्या किरनापुर भागातील घराघरांत एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो. घरचा मुलगा विशीत आलेला असतो. पुढील शिक्षणात त्याचे मन रमलेले नसते, आणि दोन-तीन एकरांच्या बांध्यांत सर्व भावंडांस पुरेल इतके काम नसते. तेव्हा तो ट्रक चालवीन म्हणतो. येथवर कोणाची हरकत नसते. वाद पेटतो तो पुढेच. गोंदियाचा एखादा ओळखीचा चालक म्हणतो, "माझ्यासोबत चल, दक्षिणेची लाईन दाखवितो." बालाघाटचा मिलवाला म्हणतो, "माझी गाडी येथेच फिरते, संध्याकाळी घरी जेवशील." मुलाचे डोळे दक्षिणेकडे लागलेले, माय पदराने डोळे पुसते, आणि बाप बोटांवर रुपये मोजीत मध्ये बसलेला. मग "फादर, आता तुम्हीच सांगा," म्हणून मंडळी आमच्या ओसरीवर येतात. प्रत्येकास निराळे सांगत बसण्यापेक्षा आमचे म्हणणे एकदा सविस्तर लिहावे, म्हणून आजचा हा प्रपंच.

आपला जिल्हा मालमोटारीवाचून एक दिवसही चालावयाचा नाही. भरवेली, उकवा आणि तिरोडी येथील मँगनीज, मलाजखंडचे तांबे, जंगलातील बांबू, नदीची वाळू, आणि या सर्वांहून घरोघरी जिव्हाळ्याचे असे धान. ज्या चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो याच मातीतला. हिवाळ्यात सरकारी खरेदी केंद्रांवर धानाच्या राशी लागतात. तेथून ते गोदामात, गोदामातून मिलीत, आणि मिलीतून तांदूळ होऊन पुन्हा गोदामात जाते. ही झाली जवळची फेरी. बाघ नदी ओलांडून गोंदियाकडे गेले, की लांबच्या पल्ल्याचे जग सुरू होते. पुढे नागपुरास श्रीनगर ते कन्याकुमारी हा ४४ क्रमांकाचा आणि हजीरा ते पारादीप हा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग एकमेकांस भेटतात. नागपुराहून मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग तर ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. तरुण मनास या रस्त्यांची ओढ वाटावी यात नवल नाही. देश पाहावा, समुद्र पाहावा, ही इच्छा वाईट मुळीच नव्हे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे वीस वर्षे पुरी झाल्यावाचून व्यापारी वाहन रस्त्यावर चालविता येत नाही. आणि जड गाडीचा शिकाऊ परवाना हवा असेल, तर हलक्या मोटारीचा परवाना निदान एक वर्ष जवळ असावा लागतो. पूर्वी आठवी उत्तीर्ण असण्याचीही अट होती. ती २०१९ साली काढून टाकण्यात आली. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की एकूण भार ७५०० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीस हलक्या मोटारीचाच परवाना पुरेसा आहे. म्हणजे ज्यास आपण सारे 'छोटा हत्ती' म्हणतो त्या गाडीपासून आरंभ करावा, मग मोठ्या गाडीवर जावे, ही पायरी कायद्यानेच जणू आखून दिली आहे. तथापि पुष्कळ तरुणांस पायऱ्या चढण्यापेक्षा उडी मारणे अधिक आवडते.

परवाना हाती आला म्हणजे मनुष्य चालक झाला, असे कोणी समजू नये. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी ही दोन निराळी जनावरे होत. मँगनीजचे खनिज तळाशी जड बसते. धानाच्या पोत्यांची थप्पी उंच जाते, आणि वळणावर तीच थप्पी गाडीस कलंडवू पाहते. टँकरमधील द्रव पदार्थ तर ब्रेक दाबल्यावरही पुढेमागे हेलकावत राहतो. बालाघाटहून बैहरकडे जाताना गांगुलपाऱ्याचा घाट लागतो. तेथून उतरताना वारंवार ब्रेक दाबीत राहिल्यास ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरीत नाहीत. म्हणून ज्या गिअरात चढावे, त्याच गिअरात उतरावे, असे जुने चालक सांगतात. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणारा चालक चार रुपयांच्या तेलासाठी आपला प्राण पणास लावतो. याशिवाय मिलीच्या अरुंद आवारात गाडी मागे घेणे, ताडपत्री नीट आवळणे, वजनकाट्याची पावती तपासणे, बिल्टी वाचता येणे, टायर ठोकून त्यातील हवा ओळखणे हेही शिकावे लागते.

ही सारी विद्या पूर्वी खलाशी म्हणून शिकली जात असे. दोन-दोन, चार-चार वर्षे मुलगा उस्तादाच्या शेजारी बसे, शिव्या खाई, चहा आणी, ग्रीस भरी, आणि एखाद्या मोकळ्या रस्त्यावर उस्ताद प्रसन्न झाला तर चाक त्याच्या हाती येई. त्या शिव्यांचे आम्ही समर्थन करीत नाही. परंतु ती एक शाळा होती. आता पुष्कळ मालक खर्च वाचविण्यासाठी गाडीवर एकच माणूस ठेवतात. शाळा अशी बंद होत आली, आणि परीक्षा मात्र पहिल्याच दिवशी! नवशिक्याने आरंभीची दोन वर्षे जवळच्या फेरीवर काढावी, असे आम्ही म्हणतो, ते प्रथमतः याच कारणासाठी. चुका तर होणारच. त्या दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यावर, कमी वेगात आणि हाक मारताच कोणी धावून येईल अशा ठिकाणी व्हाव्या.

येथे मायमाउल्या मान डोलावतील. परंतु जवळ म्हणजे सुरक्षित, हा त्यांचा समज आम्हांस मान्य नाही. वाळूच्या किंवा मुरुमाच्या टिप्परवर ज्यास फेरीमागे पैसे मिळतात, तो चालक पाच किलोमीटरांच्या रस्त्यावरही वाऱ्यासारखा धावतो. कारण सूर्य मावळण्यापूर्वी एक फेरी अधिक झाली, तर तेवढेच पैसे अधिक. त्याच रस्त्यावर दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असते, गुरे परतत असतात, शाळा सुटलेली असते. लांबच्या रस्त्यावर अपघात झाला तर मरणारा बहुधा अनोळखी असतो; येथे तो स्वतःच्याच गावचा असतो. उलट, लांबच्या पल्ल्यावरील ज्या चालकास ठरलेला मासिक पगार आहे आणि ज्याचा मालक रात्री गाडी उभी करावयास सांगतो, तो सुखरूप घरी येण्याचा संभव अधिक. तेव्हा बाबांनो, रस्ता किती लांब आहे, हे विचारण्याआधी मजुरी कशावर मोजली जाते, हे विचारा. फेरीवर की महिन्यावर? हा प्रश्न आम्ही ओसरीवर आलेल्या प्रत्येकास प्रथम विचारतो, आणि बहुतेकांस त्याचे उत्तर ठाऊक नसते. मालक ओळखीचा आहे, माणूस चांगला आहे, एवढेच ते सांगतात.

आता पैशांचा हिशेब. लांबच्या गाडीवर रक्कम मोठी दिसते, हे खरे. पण ती उलगडून पाहावी. समजा, लांबच्या गाडीवर महिन्याकाठी २४ हजार रुपये मिळतात आणि जवळच्या गाडीवर १५ हजार. लांबचा चालक महिन्यातील पंचवीस दिवस बाहेर असेल आणि ढाब्यावरील जेवण, चहा, आंघोळ यांस रोज अडीचशे रुपये लागत असतील, तर सहा हजारांहून अधिक तेथेच सरले; उरले पावणेअठरा हजार. तो रोज बारा तास गाडीवर असेल, तर तीनशे तासांचे हे दाम, म्हणजे तासास एकोणसाठ रुपये. जवळचा चालक महिन्यात दोनशे दहा तास काम करीत असेल, तर त्यास तासाचे एकाहत्तर रुपये पडतात, आणि तो घरची भाकर खातो. शिवाय आषाढ-श्रावणात रोवणीच्या वेळी तो सकाळी दोन तास बांधीत उतरू शकतो. तेवढा मजूर घरास लावावा लागत नाही. हे आकडे आम्ही केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून हाच हिशेब मांडावा. कधी तो लांबच्या बाजूनेही झुकेल. मालक जेवणाचा भत्ता निराळा देत असेल, तर निश्चितच झुकेल.

बारा तास हा आकडा मात्र आम्ही मनचा घेतलेला नाही. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०२० साली देशातील दहा वाहतूक केंद्रांवर चालकांची पाहणी केली. चालक दिवसास सरासरी बारा तास गाडी चालवितो आणि सुमारे ४१७ किलोमीटर जातो, असे तीत आढळले. भागाकार करून पाहा: ताशी पस्तीस किलोमीटरही होत नाहीत! एवढ्या मोठमोठ्या रस्त्यांवर बैलगाडीहून थोडा बरा असा हा वेग. म्हणजे चालकाचा वेळ धावण्यात जितका जातो, तितकाच वळसे, गर्दी आणि रांगा यांत जातो, आणि तो वेळ भरून काढावयाचा तो रात्रीच्या झोपेतून. त्याच पाहणीत शंभरांपैकी ८४ चालकांनी सांगितले, की आपल्या घरच्या कोणास या धंद्यात येण्याचा सल्ला आपण देणार नाही. हे वाक्य घरातील प्रत्येकाने दोनदा वाचावे.

रात्री दोन ते पहाटे पाच या वेळी शरीर झोप मागते. ती कितीही चहा प्याला तरी टळत नाही. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. तीन सेकंद डोळा लागला, तर पन्नास मीटर रस्ता कोणीही न पाहता मागे पडतो. ही झोप मारण्यासाठी काही चालक अफूची बोंडे चघळतात आणि ती उतरविण्यासाठी दारू घेतात. नवखा मुलगा हे पाहतो, आणि यालाच लाईनची रीत म्हणतात असे समजतो. लांबच्या पल्ल्यावरील चालकांमध्ये एच.आय.व्ही.चा प्रसार रोखण्यासाठी सरकारला महामार्गांवर निराळे कार्यक्रम हाती घ्यावे लागले, हेही आम्ही येथे नाइलाजाने नमूद करतो; घरच्यांनी हा विषय लाजेने टाळू नये.

मालकाची घाई हे नेहमीचे कारण पुढे केले जाते. "माल वेळेवर पोहोचला नाही तर कागद संपतो," असे चालकास सांगतात. परंतु कागदास इतकी घाई नसते. परराज्यात माल नेताना १ एप्रिल २०१८ पासून जे ई-वे बिल लागते, त्याची मुदत १ जानेवारी २०२१ पासून दर दोनशे किलोमीटरांस एक दिवस अशी आहे. सोळाशे किलोमीटरांच्या वाटेस ती आठ दिवस मिळते. सरकारने आठ दिवसांत पोहोचवावयास सांगितलेला माल चार दिवसांत पोहोचवा म्हणणारा मालक चालकाची चार रात्रींची झोप विकत असतो, आणि तिचे दाम चालकास मिळत नाहीत. भार अधिक घालण्याचेही तसेच. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारास वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास दोन हजार रुपये दंड कायद्यात घातला. तो भरावयाचा कोणी, हे गाडीवर चढण्यापूर्वी ठरले पाहिजे, वजनकाट्यावर नव्हे.

कामाच्या तासांवर आपल्याकडे मर्यादा नाही असे नव्हे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास ठरविले होते, लांबच्या मार्गांसाठी दहापर्यंत सवलत होती, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा सांगितला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत तो कायदा सामावला. आठ तासांचा दिवस त्यांतही आहे. उणीव आहे ती मोजणाऱ्याची. अमेरिकेत नवशिके चालक बहुधा लांबच्या पल्ल्यानेच आरंभ करतात. जवळचे मालक व विमेवाले अनुभव मागतात, म्हणून तेथे हा क्रम उलटा. परंतु तेथे एकवीस वर्षांखालील चालकास सामान्यतः प्रांताची सीमा ओलांडता येत नाही, अकरा तासांहून अधिक गाडी चालविता येत नाही, आणि हे तास गाडीत बसविलेले यंत्र मोजते. युरोपात साडेचार तासांनंतर पाऊण तास विसावा घ्यावाच लागतो. परदेशी गेलेला कोणी नातलग "आधी लांबचाच पल्ला घे" असा सल्ला देईल, तर त्या यंत्राविषयीही त्यास विचारून घ्यावे.

लांबचा पल्ला माणुसकीने चालविता येतो, याचेही उदाहरण आपल्या देशात आहे. २०१४ साली स्थापन झालेल्या रिविगो या कंपनीने जुन्या काळच्या डाकेच्या घोड्यांसारखी पद्धत बसविली: चार-पाच तासांनी चालक बदलावयाचा, गाडी पुढे जावयाची आणि पहिला चालक दुसरी गाडी घेऊन परत आपल्या ठाण्यावर यावयाचा. माल दूर गेला, माणूस घरी आला! त्या कंपनीचा मुख्य धंदा २०२२ साली महिंद्र लॉजिस्टिक्सने विकत घेतला. कल्पना मात्र उत्तम होती, आणि अशी पाळी देणारा मालक नागपूर-रायपूरकडे भेटल्यास लांबच्या पल्ल्याविषयी आमची फारशी तक्रार उरणार नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींच्या केबिनीत वातानुकूलन सक्तीचे झाले, हेही चांगलेच झाले. वैशाखात ज्यांनी इंजिनाशेजारी बसून विदर्भ ओलांडला आहे, त्यांस याचे मोल कळेल.

जवळच्या फेरीचा एक दोष येथे सांगितलाच पाहिजे. तीत मनुष्य रुतून बसतो. दोन वर्षांची चार होतात, चाराची दहा. पावसाळ्यात वाळू बंद, हंगाम संपला की मिल मंद, आणि पगार तेवढाच. म्हणून आम्ही दोन वर्षे म्हणतो, ती मोजून दोन. त्यानंतर अविवाहित मुलाने नीट नोंदलेल्या कंपनीत, जेथे भविष्यनिर्वाह निधी कापला जातो आणि गाडी नवी आहे, अशा ठिकाणी लांबच्या पल्ल्यावर जावयास आमची मुळीच हरकत नाही. जावे, चार प्रांतांची भाषा कानावर पडू द्यावी. लहान मुले असलेल्या गृहस्थाने मात्र पत्नीस विचारल्यावाचून जाऊ नये, आणि 'विचारणे' म्हणजे गाडीवर बसल्यावर फोन करणे नव्हे. महिन्यातून किती दिवस घरी यावयाचे आणि कोणता सण चुकवावयाचा नाही, हे आधी मालकाशी बोलून घ्यावे. पगार कोणाच्या खात्यात यावा, हे दोघांनी मिळून ठरवावे. बाप महिन्यातून दोन रविवार घरी आला, तर लेकरू त्यास ओळखते. दोन महिन्यांनी आला, तर ते आईच्या मागे लपते. असे लपलेले लेकरू आम्ही पाहिले आहे.

अपघाताविषयी दोन शब्द, कारण यावर मुले चुकीचे ऐकतात. चालकाने पळून जावे, नाहीतर जमाव मारील, हा लाईनवरचा उपदेश. जमावाचे भय खोटे नाही, आणि कायद्यानेही ते ओळखले आहे. जमावाचा क्षोभ किंवा असेच आवाक्याबाहेरचे कारण नसेल, तर जखमीस औषधोपचार मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. आणि तेथे पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांच्या आत, वर्दी दिली पाहिजे. न कळविता पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे कलम नव्या न्यायसंहितेत आले, तेव्हा जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभर चालकांनी संप केला. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, तेव्हा ते कलम बाजूस ठेवण्यात आले. म्हणून पळण्यास मोकळीक मिळाली असे मात्र नव्हे. तडक ठाण्यावर जावे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. त्यांतील किती वेळीच उचलली असती तर वाचली असती, हे देवच जाणे.

गाडीवर चढण्यापूर्वी घरात थोडे कागद करून ठेवावे. परवान्याची, गाडीच्या विम्याची व मालकाच्या पत्त्याची एक प्रत घरी असावी. लांबच्या गाडीवर तर असावीच. बँकेतून वर्षास वीस रुपयांत दोन लाखांचा अपघाती विमा देणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आहे. ती घेतलेली आहे की नाही, हे पासबुकात पाहावे. पगार, भत्ता, दंड आणि सुट्टी या चार गोष्टी मालकाकडून एका चिठ्ठीवर लिहून घ्याव्या. लिहून द्यावयास जो नाखूष असेल, त्याची गाडी जवळची असो वा लांबची, ती सोडून द्यावी.

आणि ज्या मुलाचे अजून ठरत नसेल, त्याने धानखरेदीच्या दिवसांत एकदा पहाटे वजनकाट्यावर जाऊन उभे राहावे. तेथे रांगेत जवळच्याही गाड्या असतात व लांबच्याही. निदान तीन चालकांस चहा पाजून विचारावे: काल रात्री कोठे निजलात, किती तास निजलात, आणि घरी शेवटचे कधी गेला होतात?